सुट्टे घेऊन ये

अक्काचा फोन आला तेव्हा भाऊसाहेबांच्या अर्ध्या तोंडाला साबण होता. अर्धी दाढी झालेली असताना माणसाने फोन घ्यावा की घेऊ नये, हा एरवी चर्चेचा विषय झाला असता. पण अक्काचा फोन वाट पाहत नसे. त्यांची ही थोरली बहीण दूरच्या एका बेटावर राहायची, आणि त्या बेटावर रेंज नावाची वस्तू फक्त शाळेमागच्या एका खडकावर मिळायची, तीही वाऱ्याच्या मर्जीने. पासष्टी उलटलेली बाई धापा टाकत खडक चढून फोन लावते म्हटल्यावर भाऊसाहेबांनी वस्तरा बेसिनमध्ये टाकला आणि फोन कानाला लावला. तो नेमका साबणाच्या बाजूच्या कानाला लागला.

"बाब्या," पलीकडून आवाज आला. सगळं हापिस ज्यांना भाऊसाहेब म्हणून वचकून असे, त्यांना बाब्या म्हणणारं जगात हे एकच माणूस उरलं होतं. "ऐकू येतंय का? डॉक्टरांचं जहाज येतंय. पुढच्या शनिवारी. उजव्या डोळ्यासाठी... नाव लागलंय माझं."

"अरे वा! मी येतो अक्का! शनिवारी हजर होतो!"

"ये. पण नुसता येऊ नकोस हं. सुट्टे घेऊन ये. निदान पंधरा..."

आणि वारा फिरला. भाऊसाहेब आणखी बराच वेळ "हॅलो हॅलो" करत राहिले, तोपर्यंत साबण वाळून गालाला ओढ बसली. उलट फोन लावला तर एक बाई अतिशय गोड आवाजात सांगत होती की आपण ज्यांना फोन लावत आहात ते कुठेच नाहीत.

अक्काचा डावा डोळा केव्हाच गेला होता. त्या डोळ्याने तिला उजेड आणि अंधार एवढंच कळे. उजव्यात मोतीबिंदू चांगलाच पिकला होता. बेटावर दवाखाना नाही. वर्षातून एकदा डॉक्टरांचं जहाज येतं, दोन दिवस नांगर टाकतं, डोळे कापतं आणि निघून जातं. गेल्या वर्षी अक्काचा नंबर लागला नव्हता. म्हणजे हे वर्ष चुकलं तर पुढचं वर्षभर अंधार, आणि नंतर काय होईल ते डॉक्टरांनाच ठाऊक. याच बाईने आईच्या मागे भाऊसाहेबांना वाढवलं होतं, स्वतःच्या मास्तरकीच्या पगारावर शिकवलं होतं. तेव्हा तिने पहिल्यांदा काही मागितलं, तर ते घेऊन जायचंच, असं भाऊसाहेबांनी ओला टॉवेल गालावर दाबत ठरवलं. यात त्यांची काहीच चूक नव्हती. माणूस ठरवतो तेव्हा कधीच चुकत नाही.

"पंधरा काय?" बायकोने विचारलं.

"तेच तर कळलं नाही."

"पंधराशे असतील. तिथे बँक नाही, एटीएम नाही. मोठी नोट कोण मोडून देणार?"

"अगं, पण ती 'निदान' म्हणाली."

हा 'निदान' त्या घरात दिवसभर घोळला. संध्याकाळी तो जिन्यात गेला आणि तिथे शेजारच्या सर्वज्ञांना सापडला. या गृहस्थांचं खरं नाव दाराच्या पाटीवर होतं, पण भाऊसाहेबांनी त्यांना मनातल्या मनात सर्वज्ञ हे नाव दिलं होतं आणि बायकोसमोर उघड वापरलं होतं. सर्वज्ञ एकदा मुलाकडे परदेशी जाऊन आले होते, आणि तेव्हापासून कोणीही गावाबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांची परवानगी लागायची.

"मी सांगतो ते ऐका," सर्वज्ञ म्हणाले. त्यांचं प्रत्येक वाक्य इथूनच निघत असे. "पंधरा हजार. पंधराशेला कोणी 'निदान' म्हणत नाही."

"पंधरा हजार? सुट्टे?"

"ऑपरेशन आहे भाऊसाहेब! डॉक्टर, औषधं, लाँचवाला, सामान वाहणारा. आणि तिथे कार्ड चालत नाही, फोनवरून पैसे जात नाहीत. तुम्ही मोठी नोट पुढे केलीत की समोरचा म्हणणार, सुट्टे नाहीत. आणि अडलं ऑपरेशन, म्हणजे? बहिणीचा डोळा गेला ना हो एका नोटेपायी."

हे वाक्य भाऊसाहेबांना फार लागलं. सर्वज्ञांनी मग तिथेच, जिन्याच्या कठड्याला टेकून, प्रवासाची पूर्वतयारी या विषयावर तासभर सांगितलं. पैसे कधी एका जागी ठेवू नयेत. थोडे खिशात, थोडे मोज्यात, थोडे पोटाशी. तिकिटं कागदावर छापून घ्यावीत. नेट नसतं तिथे नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा. फोन चार्ज करायचा डबा घ्यावा आणि त्या डब्याला चार्ज करायचा दुसरा डबा घ्यावा. भाऊसाहेब मान डोलवत राहिले. कोणी कितीही कंटाळवाणं बोलत असलं, तरी त्यात 'पूर्वतयारी' हा शब्द आला की त्यांना बरं वाटे.

नकाशाचं काम मुलीकडे आलं. तिने चहा पितापिता ते उरकलं. त्या नावाची बेटं जगात दोन आहेत, आणि मुलीने उतरवलेलं बेट दुसऱ्या समुद्रात आहे, हे पुढे लाँचवर बसल्यावर कळलं. तोवर भाऊसाहेबांनी त्या बेटावरच्या गल्ल्या, विहिरी आणि एक दीपस्तंभ पाठ केला होता. आपली बहीण अशा सुंदर ठिकाणी राहते हे बघून त्यांना हेवाही वाटला होता.

"मी जाऊ का अक्कांकडे?" बायकोने मध्येच विचारलं. "मला कुठे हापिस आहे? राहीन चार दिवस जास्त."

"तू?" भाऊसाहेब म्हणाले. "एवढे सुट्टे तुला सांभाळता येणार आहेत का?"

बायकोने ताट धुवायला घेतलं आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब बँकेत गेले. चार नंबरच्या खिडकीवर एक बाई बसत, त्यांच्या काचेवर 'सुट्टे मागू नयेत' अशी चिठ्ठी डकवलेली होती. ती चिठ्ठी आपल्यासाठी नाही, असं प्रत्येक सुशिक्षित माणसाप्रमाणे भाऊसाहेबांनाही वाटलं.

"पंधरा हजार द्या," ते म्हणाले. "सगळे सुट्टे."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "दुकान आहे का?"

"नाही. बहीण आहे."

"मग अर्ज करा. कारण स्पष्ट लिहा."

आता 'कारण स्पष्ट लिहा' हे वाक्य भाऊसाहेबांच्या मालकीचं होतं. ते एका मोठ्या हापिसात आस्थापना शाखेचे हेडक्लार्क होते, आणि तिथे येणारा प्रत्येक रजेचा कागद त्यांच्या हाताखालून जाई. आयुष्यभर जे आपण दुसऱ्याला ऐकवलं ते कोणी आपल्यालाच ऐकवलं तर माणसाला कसं वाटतं, हे त्या दिवशी त्यांना कळलं, आणि ते त्यांना अजिबात आवडलं नाही. त्यांनी लिहिलं: कारण, बहिणीचा डोळा. बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, हे वैद्यकीय झालं, त्याला मॅनेजरची सही लागते. मॅनेजर म्हणाले, वैद्यकीय असेल तर डॉक्टरांचं पत्र जोडा. डॉक्टर म्हणाल तर समुद्रात होते.

शेवटी बाईंनाच दया आली असावी, किंवा तळघरातली अडगळ काढायची संधी दिसली असावी. त्यांनी एक सीलबंद पिशवी काढून दिली. आत सगळी बारीक नाणी होती, पाच हजारांची. भाऊसाहेबांनी ती एका हाताने उचलायला घेतली आणि मग दोन्ही हात लावले. बाहेर येताना दरवाज्यावरच्या पहारेकऱ्याने त्यांना अडवून विचारलं की आत काय आहे, आणि त्यांनी खरं सांगितल्यावर त्याचा विश्वास बसला नाही. गर्दीतून चार माणसं वळून बघत होती. भाऊसाहेबांनी मान ताठ ठेवली. पण पिशवी जड असली की मान ताठ ठेवूनही माणूस वाकडाच चालतो.

उरलेले दहा हजार त्यांनी बाजारातून गोळा करायचे ठरवले. पद्धत सोपी होती. मोठी नोट घेऊन दुकानात जायचं, काडेपेटी मागायची आणि सुट्टे घेऊन बाहेर पडायचं. दोन दिवसांत घरात इतक्या काडेपेट्या, मेणबत्त्या आणि साबणाच्या वड्या जमल्या की मुलगी म्हणाली, "बाबा, आपण काही जाळणार आहोत का?" तिसऱ्या दिवसापासून भाऊसाहेब कोपऱ्यावर दिसले की दुकानदार गल्ल्याला कुलूप घालू लागले. औषधवाल्याने तर त्यांना नोट बाहेर काढू दिली नाही. "फुकट घ्या, पण जा," असं म्हणून त्याने खोकल्याच्या गोळ्या हातावर ठेवल्या. तीस वर्षं ज्याच्याकडून घरची औषधं घेतली तो माणूस असं बोलला, म्हणून भाऊसाहेबांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणि मग उलटाच प्रकार सुरू झाला. भाऊसाहेबांकडे सुट्टे आहेत, ही बातमी इमारतभर झाली. सकाळी दूधवाला दारात उभा. मागोमाग खालच्या मजल्यावरच्या बाई, "रिक्षावाला खोळंबलाय हो, शंभराचे द्या ना." भाऊसाहेब नाही म्हणत, तर बायको स्वयंपाकघरातून मूठभर आणून देई. "अहो, शेजारी आहेत. नाही कसं म्हणायचं?" ते जमवत आणि ती वाटत असे. सर्वज्ञांनी स्वतः येऊन दोनदा नेले, आणि नेताना सल्लाही दिला की नाणी मोज्यात ठेवू नका, पायाला फोड येतात.

हापिसात मात्र वेगळाच मान वाट पाहत होता. भाऊसाहेब रजेवर जाणार, या बातमीने दोन्ही मजल्यांवर काम थांबलं. तीस वर्षांत त्यांनी जवळजवळ रजाच घेतली नव्हती. स्वतःच्या लग्नालासुद्धा त्यांनी एक रविवार आणि एक अर्धा दिवस एवढ्यावर भागवलं, ही कथा नव्या माणसांना रुजू झाल्या दिवशी सांगितली जाई. साहेबांनी त्यांना खोलीत बोलावून घेतलं.

"महिनाभर जा हो भाऊसाहेब," साहेब म्हणाले. "तुमची एवढी रजा साठलीय, ती फुकट जाणार."

"एक सोमवार पुरे साहेब," भाऊसाहेब म्हणाले. हे सांगताना त्यांचा ऊर भरून आला होता.

बाहेर आले तर टेबलाशी जावक विभागातला कारकून उभा होता. त्याची आई दवाखान्यात होती आणि त्याने लिहिलं होतं, 'चार दिवसांची सुट्टी मिळावी.' भाऊसाहेबांनी 'सुट्टी'भोवती लाल पेनाने गोल काढला आणि कागद परत केला.

"किती वेळा सांगायचं? सुट्टी शाळेला असते. कर्मचाऱ्याला असते ती रजा. दुरुस्त करून आणा."

कारकुनाने ते दुरुस्त करून आणलं तोवर साहेब घरी गेले होते. त्यामुळे त्याची रजा एक दिवस उशिरा सुरू झाली. शब्द महत्त्वाचे असतात, असं भाऊसाहेब तेव्हा शेजारच्या टेबलाला म्हणाले, आणि शेजारच्या टेबलाने मान डोलावली.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीत बसताना त्यांच्याकडे अंगावरच्या कपड्यांखेरीज एक जोड कपडे होते, चार्ज करायचे दोन डबे होते, चुकीच्या बेटाचा नकाशा होता आणि कसेबसे पुरे केलेले पंधरा हजारांचे सुट्टे होते. त्यातली दहाच्या नोटांची पुडकी पोटाला बांधलेली होती, त्यामुळे ते जरा गरोदर दिसत होते. नाणी खांद्यावरच्या पिशवीत. हमाल पिशवी उचलायला आला, त्याने एकदा प्रयत्न केला आणि तो दुसऱ्या प्रवाशाकडे वळला.

सकाळी धक्क्यावर लाँच लागली. फळीवरून चढताना पिशवीचा बंद तुटला. पुढचं वर्णन भाऊसाहेबांनी नंतर कोणालाही केलं नाही, पण लाँचवर साठ माणसं होती, त्यामुळे त्यांनी करायची गरजही नव्हती. नाणी फळीवरून डेकवर आली, डेकवरून बाकांखाली, आणि तिथून बायकांच्या टोपल्यांत, पोरांच्या खिशात आणि एका झोपलेल्या म्हाताऱ्याच्या चपलेत गेली. प्रामाणिकपणाचं एवढं मोठं दर्शन भाऊसाहेबांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. लोकांनी गुडघ्यांवर बसून, हात घालून, एकेक नाणं काढून दिलं. शेवटी पिशवी आधीपेक्षा जड वाटायला लागली. कोणीतरी दया येऊन आपलीही टाकली होती.

"दुकान टाकताय का बेटावर?" तिकीटवाल्याने विचारलं.

"बहिणीचं ऑपरेशन आहे."

"जहाजावर? तिथे तर एक पैसा घेत नाहीत." तिकीटवाला हसला. "आणि बेटावर आम्ही ओळखीवर चालतो हो. मोठी नोट असली तर राहू दे म्हणतो, पुढच्या खेपेला बघू."

भाऊसाहेबांनी हे ऐकलं. पण साठ माणसांसमोर ज्याची फजिती झालेली असते, तो माणूस तिकीटवाल्याच्या बोलण्यावर फार विचार करत नाही. अक्काने सांगितलंय म्हणजे काहीतरी असेल, असं म्हणून ते बाकावर जाऊन बसले.

अक्का धक्क्यावर आली होती. ती ज्या बाजूला बघून हात हलवत होती तिथे भाऊसाहेब नव्हते. त्यांनी जवळ जाऊन "अक्का" म्हटलं तेव्हा तिने आवाजाच्या दिशेने हात पुढे केला आणि त्यांचं तोंड चाचपलं.

"दाढी नीट केली नाहीस," ती म्हणाली.

शाळेमागच्या दोन खोल्यांत तिचं बिऱ्हाड होतं. तिथे शिरल्याबरोबर भाऊसाहेबांना जाणवलं की घर आवरून ठेवलंय. आतल्या खोलीत कोणाची तरी खाट मागून आणून टाकली होती, त्यावर धुतलेली चादर. खिडकीपाशी टेबल, टेबलावर दिवा, जुन्या मासिकांची चळत. दरवाज्यामागे पुरुषाच्या कपड्यांना एक खुंटी मोकळी केली होती. स्टोव्हजवळ एक मोठी काडेपेटी उघडी होती, कारण जवळ नेऊन बघितल्याशिवाय काडीचं टोक तिला दिसत नव्हतं.

"कपडे किती आणलेस?" तिने विचारलं.

"एक जोड. पुरे होतात."

"धुवायला मीच आहे म्हणा. नाही, पण मला पाण्यात हात घालायला बंदी असेल. तुलाच धुवावे लागतील."

भाऊसाहेबांना हे बोलणं नीट कळलं नाही. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. टेबल करकरलं. मग त्यांनी शर्ट वर करून पोटावरची पुडकी सोडली आणि ती ओळीने मांडली. आठवडाभर पायपीट केली त्याचं काहीतरी फळ आता हातात पडणार होतं, आणि ते आतुरतेने अक्काच्या तोंडाकडे बघू लागले.

"हे काय आहे?" अक्काने एक नाणं उचलून बोटांत फिरवलं.

"पंधरा हजार. सगळे सुट्टे. तूच म्हणालीस ना, सुट्टे घेऊन ये, निदान पंधरा."

अक्का नाणं फिरवत राहिली. मग तिने ते चाचपडत परत पिशवीत टाकलं.

"सुट्टी," ती म्हणाली. "सुट्टी घेऊन ये म्हटलं होतं रे बाब्या. निदान पंधरा दिवसांची. डोळ्यात दर दोन तासांनी थेंब घालायचे असतात. वाकायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही. सोबत घरचं माणूस असल्याशिवाय ते डोळा कापत नाहीत."

भाऊसाहेबांचं तोंड उघडलं. त्या क्षणी त्यांनी काय म्हणायला हवं होतं याची यादी कोणीही करू शकेल. पण तीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"म्हणजे, रजा."

"हो," अक्का म्हणाली. "रजा."

संध्याकाळी जहाजावरची नर्स नावं तपासायला आली. सोबत कोण थांबणार, असं तिने विचारलं आणि अक्काने भावाकडे, म्हणजे भाऊ जिथे असावा असं तिला वाटलं तिकडे, तोंड वळवलं. भाऊसाहेब म्हणाले की आपण सोमवारपर्यंत आहोत. नर्स म्हणाली की उद्या सकाळी दहापर्यंत मला पक्कं काय ते सांगा; मागे तीन माणसं थांबलीत.

रविवारी उजाडताच बहीणभाऊ शाळेमागचा खडक चढले. खरं म्हणजे अक्काने येण्याची गरज नव्हती, पण फोन कुठे धरला की रेंज येते ते तिलाच ठाऊक होतं. तिने भाऊसाहेबांचा दंड धरून त्यांना एका कपारीत उभं केलं, त्यांचा हात वर केला, जरा डावीकडे वळवला. फोनवर रेंजची एक काडी आली. भाऊसाहेबांनी साहेबांच्या घरी फोन लावला.

"हॅलो! कोण?" पलीकडे टीव्ही चालला होता.

"साहेब, मी बोलतोय! सुट्टी हवीय! सुट्टी!"

'रजा' हा शब्द त्यांना त्या दिवशी का आठवला नाही, कोण जाणे. कालपासून तो दुसरा शब्द डोक्यात ठाण मांडून बसला होता, आणि शिवाय अक्का शेजारी उभी होती.

"काय हवंय? सुट्टे?"

"सुट्टी साहेब! पंधरा!"

"पंधरा? अहो भाऊसाहेब, सुट्टे... तिथे... बरं, बघतो, बघतो..."

काडी गेली. त्यानंतर त्यांनी हात वर, खाली, सगळ्या दिशांना करून पाहिला. एका पायावर उभे राहिले. दहा वाजायला आले तशी अक्का खाली बसली.

"मंजूर नसली तर काय होतं रे?" तिने विचारलं.

"विनापरवानगी गैरहजेरी लागते."

"मग लागू दे की."

भाऊसाहेबांनी तिला समजावून सांगितलं. सेवापुस्तकात तीस वर्षांत एकही लाल शेरा नाही. अशा गैरहजेरीसाठी त्यांनी स्वतः किती जणांचे पगार कापलेत. उद्या तेच लोक काय म्हणतील? शिवाय निवृत्ती जवळ आली. बायकोलाच बोलवावं तर फोन लागत नाही, आणि लागला तरी लाँच आता सोमवारशिवाय नाही. ते बोलत होते आणि प्रत्येक मुद्दा बरोबर होता. बोलता बोलता त्यांना स्वतःचीच लाज वाटू लागली, म्हणून ते आणखी जोरात बोलू लागले.

"बरं," अक्का म्हणाली, आणि उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. उतरताना तिला आधार लागायचा.

नर्सने नाव खोडलं. पुढच्या वर्षी जहाज येईल तेव्हा आधी कळवा, म्हणाली. ती चांगली मुलगी होती, तिने अक्काला थेंबांची एक बाटली दिली, पण त्या थेंबांनी मोतीबिंदू जात नाही हेही सांगितलं.

सोमवारी सकाळी भाऊसाहेबांनी सुट्टे अक्कापाशी ठेवायचा प्रयत्न केला. तिने पिशवी परत त्यांच्या खांद्याला अडकवली. "माझ्या बोटांना फरक कळत नाही रे आता. मोठं कुठलं, छोटं कुठलं. कोण मोजून देणार?" धक्क्यावर ती त्यांना पोचवायला आली आणि लाँच सुटल्यावर, भाऊसाहेब ज्या बाजूला उभे होते त्याच्या बऱ्याच पलीकडे, कोणा दुसऱ्याच प्रवाशाकडे बघून हात हलवत राहिली. तो प्रवासी भला होता, त्याने उलट हात हलवला. भाऊसाहेबांना ते बघवेना, ते आत जाऊन बसले.

घरी बायकोने दार उघडलं, त्यांच्या खांद्यावरची पिशवी तशीच भरलेली पाहिली, आणि पाणी आणायला गेली.

मंगळवारी भाऊसाहेब वेळेवर हापिसात पोचले. त्यांच्या टेबलाभोवती माणसं जमली होती. टेबलावर एक पिशवी होती, फुगलेली, तोंड दोरीने आवळलेलं. साहेब स्वतः बाहेर येऊन उभे होते, आणि इतके हसरे साहेब कोणी पाहिले नव्हते.

"आलात? घ्या!" साहेब म्हणाले. "रविवारी फोनवर तुम्ही सुट्टे सुट्टे म्हणून इतके ओरडत होतात की मला राहवेना. काल सगळ्या हापिसाने गोळा केलेत. पंधराशे की पंधरा हजार ते कळलं नाही, पण मी म्हटलं, पंधराशेला कोणी एवढं ओरडत नाही. आता ते पोचते करायचं तुम्ही बघा. तीस वर्षांत माणसाने पहिल्यांदा काहीतरी मागितलं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि लोकांना वाटलं ते आनंदाचं आहे. "मोजून घ्या," असं साहेब जाता जाता म्हणाले, म्हणून ते खाली बसले आणि मोजू लागले. बाकीचे पांगले. जावकचा कारकून तेवढा थांबला; सगळ्यांत जास्त सुट्टे त्यानेच आणले होते.

"अक्कांचं ऑपरेशन झालं का?" त्याने हळूच विचारलं.

"नाही."

"का हो? काय कमी पडलं?"

भाऊसाहेबांनी हातातली नाणी टेबलावर ठेवली. "सुट्टी," ते म्हणाले. "पंधरा दिवसांची सुट्टी हवी होती."

कारकून जरा घुटमळला. मग त्याने आजूबाजूला बघितलं, खाली वाकला, आणि आपल्या वरिष्ठाची चूक चारचौघांत उघडी पडू नये अशा बेताने, अगदी हळू आवाजात म्हणाला,

"रजा, भाऊसाहेब. सुट्टी शाळेला असते."